दिवंगत ऑर्फा नेपर हिचं गाणं

पॉपॉ ओढा, केंटकी
४ सप्टेंबर १९३८

ती. वेस्टाताईस,
ऑर्फाचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल दुपारी तू पुन्हा एकदा मेलीस. आम्ही सगळे नेहमीप्रमाणे बास्कमकाकांच्या दुकानात रेडिओभोवती तुझं गाणं ऐकत बसलो होतो. दुसऱ्या कडव्याला बॅटरीनं मान टाकली, त्यामुळे गाण्यातल्या माणसानं तुला बुडवलं की आधी गळा दाबला यावर मोठा वाद झाला. झोनामावशीचं मत पडलं की मागच्या शनिवारी तू सुरीनं मेलीस तेव्हा आवाज जास्त मोकळा लागला होता. आपली सख्खी भाची दर आठवड्याला मरते याचा तिला फार अभिमान आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते.

नॉक्सव्हिलच्या लोकांना हे खोटं वाटत असेल, पण आपल्या ओढ्यावर तसं नाही हे तू विसरली नसशील. इथं गाण्यात माणसाचं नाव आलं, झाड आलं, पाणी आलं की ते घडलं. पुरावा कोण मागतो? बास्कमकाका अजून पलीकडच्या खोऱ्यातल्या नदीवर गळ टाकत नाहीत, कारण गाण्यात तिथं एक मुलगी बुडाली आहे आणि तिच्या गावचे मासे खाणं त्यांना प्रशस्त वाटत नाही.

आता आमच्याकडची बातमी. तुझ्या मेहुण्यानं, म्हणजे आमच्या एस्टिलनं, ठरवलंय की मला वेड लागलं आहे. झालं असं, की कोळसा कंपनीचा माणूस पुन्हा कागद घेऊन आला होता. बाबांनी डोंगर माझ्या नावावर ठेवलाय, त्यावर आईबाबा दोघांच्या कबरी आहेत, आणि मी सही करणार नाही म्हणजे नाही. एस्टिलनं आधी समजावलं, मग अबोला धरला, आणि आता गावभर सांगत सुटलाय की ऑर्फाचं डोकं फिरलंय. मुख्य पुरावा हा की मी कोंबड्यांशी बोलते. आता या घरात बोलण्यासारखं दुसरं आहे कोण, सांग बरं!

त्यानं न्यायाधीशाकडे रीतसर अर्ज केला आहे. येत्या कोर्टाच्या सोमवारी बारा पंच बसून माझं डोकं तपासणार. वेडी ठरले की मी सरकारी इस्पितळात, सही एस्टिलची आणि डोंगर कंपनीचा. तेव्हा मला शहाणं दिसण्याचे काही उपाय माहीत असतील तर उलटटपाली कळव.

तुझा माझ्यावर लोभ आहेच. तो वेडीवरही तितकाच राहील अशी आशा करणारी,
तुझी धाकटी
ऑर्फा


नॉक्सव्हिल, टेनेसी
८ सप्टेंबर १९३८

चि. सौ. ऑर्फास,
डोकं ताळ्यावर असो वा नसो, वेस्टाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले आणि मग हसल्याची लाज वाटली. इथं माझं बरं चाललंय. दर शनिवारी नव्या तऱ्हेनं मरते आणि रोज वेळेवर जेवते. पीठ कंपनीचे आमचे साहेब मि. पेनक यांचा नियम असा, की दुसऱ्या कडव्यापर्यंत मुलगी मेली पाहिजे. नाही मेली तर बायका भांडी घासायला उठतात आणि मग पिठाची जाहिरात ऐकायला उरतं कोण? मला नदीत ढकललं की मीच त्याच श्वासात, हसऱ्या आवाजात, आमच्या पिठाची बिस्किटं कशी टम्म फुगतात ते सांगायचं. एक वादक नवा आहे, तो दर वेळी दचकतो. गाताना चेहऱ्यावरची रेषा हलवायची नाही, ही आईची शिकवण मी पाळते. त्याचं इथं फार कौतुक होतं, त्यांना वाटतं ही काहीतरी मोठी कला आहे.

आता पंचांचं. विचारतील तेवढंच उत्तर दे. केस विंचरून जा. टोमणे मारू नकोस गं बाई! तू तोंड उघडलंस की समोरच्याचं डोकं फिरतं, आणि कोर्टात ते तुझ्या नावावर मांडतील. एस्टिल काही बोलला तरी त्याच्याकडे नुसतं प्रेमानं बघ. जमत नसेल तर त्याच्या मागच्या भिंतीकडे बघ, लांबून ते सारखंच दिसतं.

आणि खरं सांगू का, मला तो माणूस कधी आवडला नाही. बँजो चांगला वाजवतो म्हणून आपण त्याला चांगला समजलो. लग्नाच्या वेळी मी हे बोलले असते तर तू माझ्याशी जन्मभर बोलली नसतीस, म्हणून गप्प बसले.

निकाल कळव. काळजी वाटते आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस.
माया आहे तशीच ठेवावी, ही तुझ्या आजवर कैक वेळा वारलेल्या बहिणीची मागणी.
वेस्टा


पॉपॉ ओढा
१४ सप्टेंबर १९३८

ती. वेस्टाताईस,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

अभिनंदन कर. मी शहाणी ठरले! बारा पंचांनी एकमतानं सांगितलं, आता माझ्याकडे सरकारी शिक्का आहे. तो या ओढ्यावर दुसऱ्या कोणाकडे नाही. त्यांनी आठवड्याचे वार विचारले, राष्ट्राध्यक्षांचं नाव विचारलं आणि बिस्किटांत सोडा किती घालतेस ते विचारलं. सोड्याच्या उत्तरावर पंचांतच जुंपली आणि न्यायाधीशांना हातोडा आपटावा लागला. बास्कमकाका पंचांचे मुख्य होते. त्यांनी सांगितलं की कोंबड्यांशी बोलणं हा गुन्हा धरला तर अर्धी पंचक्रोशी आत जाईल.

घरी येताना एस्टिलनं गाडीत माझ्या गुडघ्यांवर स्वतःचा कोट घातला. आणि त्या दिवसापासून तो माझ्याशी गोड वागायला लागलाय. ताई, मला त्याच्या रागाची सवय आहे, गोडव्याची नाही. काल माझ्यासाठी निळी फीत आणली. सकाळी स्वतः पाणी भरलं. दुपारी पायरीवर बसून ते नदीचं गाणं म्हणतो, तेच ते, ज्यात तो माणूस ‘मी तिला नेली, मी तिला बुडवली’ असं सांगतो. आपल्याकडे सगळेच म्हणतात ते गाणं, मीसुद्धा कपडे धुताना म्हणते. पण तो म्हणतो तेव्हा आता मला दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

शिवाय तो डोंगरावर बीच जातीच्या मोठ्या झाडाखाली खड्डा खणतोय. विचारलं तर म्हणतो, हिवाळ्यात बटाटे पुरायला. बटाट्याचा खड्डा कोणी स्वयंपाकघरापासून इतका लांब खणतं का? भर हिमात मी एका बटाट्यासाठी डोंगर चढू? आणि आपले बटाटे यंदा आहेत तरी किती!

पंचवीस तारखेला, रविवारी, दोघांनी डोंगरावर फिरायला जाऊ म्हणतोय. निळी फीत लाव म्हणाला.

मी झोनामावशीला सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच कुठे पंचांनी शहाणी ठरवलंय, ते लगेच वाया घालवू नकोस. टॅकेटबुवांकडे गेले. पाद्रीबुवांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की नवरा स्वतःहून फिरायला नेतो ही देवाची कृपा समजावी. नॉक्सव्हिलला ये असं तू म्हणशील. पण मी घर सोडलं की दुसऱ्या दिवशी तो न्यायाधीशाला सांगणार, बायको पळाली, डोकं फिरल्याशिवाय पळेल का? मग आईबाबांच्या हाडांवर कंपनीचं यंत्र चढेल. गेले तरी डोंगर जातो आणि राहिले तर मी.

वेस्टा, मला भीती वाटते. हे वाक्य मी गंमत न करता लिहिलं आहे.

तुझी
ऑर्फा


नॉक्सव्हिल
१९ सप्टेंबर १९३८

चि. ऑर्फास,
आशीर्वाद, आणि आशीर्वादानं भागणार नाही हे ठाऊक असल्यामुळे पुढचं नीट वाच.

तुझं पत्र आल्या आल्या मी तुमच्या शेरीफला तार केली. फार सभ्य माणूस दिसतो. त्याचं उत्तर आलं की स्वतःच्या बायकोच्या जमिनीत खड्डा खणायला कायद्याची बंदी नाही, मात्र प्रेत सापडल्यास अवश्य कळवावे. अवश्य! मला वाटलं होतं प्रेतानं स्वतः जाऊन वर्दी द्यायची असते.

माझ्याकडे गाण्यांचा जेवढा साठा आहे तो मी कालपासून मनात उलटापालटा केला. एकाही गाण्यात मुलगी म्हणत नाही की माझे पाय दुखताहेत, तू जा एकटा. सगळ्या जणी फीत लावून निघतात. आणि गाणं रचणारे तिचं मढं बाहेर काढल्यावरच पेन्सिलीला टोक काढतात. इतकी वर्षं मी हे म्हणतेय आणि मला ते कधी खटकलं नाही, याचं आज नवल वाटतंय.

आता सांगते तसं कर. शनिवारी दुपारी तू दुकानात जाऊ नकोस. एस्टिलला मात्र पाठव. मीठ संपलं म्हण, काहीही म्हण, पण रेडिओ लागायच्या वेळी तो सगळ्यांच्या मधोमध बसलेला हवा. तू घरी राहा, दार सताड उघडं ठेव आणि काहीतरी साधं काम करत बस. का ते विचारू नकोस. लिहिलं तर तुला दम धरवणार नाही, आणि मलाही.

तुझी, आणि फक्त तुझीच
वेस्टा


पॉपॉ ओढा
२५ सप्टेंबर १९३८, रविवार

ती. वेस्टाताईस,
बहिणीचे दंडवत. मुद्दाम रविवारी लिहितेय, वार बघून घे.

काल मी पायरीवर बसून शेंगा दोऱ्यात ओवत होते. एस्टिलला मिठाला पाठवलं होतं. तोच ओढ्याच्या वाटेनं माणसं यायला लागली, सगळीच्या सगळी. पुरुषांच्या खांद्यावर फावडी. टॅकेटबुवांच्या हातात पवित्र शास्त्र. सर्वांत पुढे झोनामावशी, काळ्या शालीत, हातात सफरचंदाचा थरांचा केक. मयताच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून वाटेत स्वतःच्या घरी थांबून घेऊन आली होती. तिनं मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मग तिनं इतक्या रागानं विचारलं की तू इथं काय करते आहेस, की क्षणभर मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मी म्हटलं, शेंगा ओवतेय. त्यांना माझ्या जिवंत असण्याचा राग आला होता गं! बुवांनी दोनदा विचारलं की मी नक्की ऑर्फाच ना. एकजण तर मागून पुटपुटला की मग रेडिओवर सांगितलं ते काय?

दुकानात काय झालं ते मला नंतर बास्कमकाकांनी सांगितलं. तू म्हणे नेहमीच्याच आवाजात सुरुवात केलीस,

पॉपॉच्या ओढ्यावरती, बीचच्या झाडाखाली,
एस्टिल नेपरनं अपुली बायको मातीत घातली.

नाव आलं, ओढा आला, झाड आलं. बास्कमकाकांनी तिथल्या तिथं टोपी काढली. एस्टिल त्यांच्या शेजारी चीज खात बसला होता. गाणं संपलं, तुझं पीठ फुगायला लागलं, आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. तो तावातावानं उठला आणि ओरडला की हे साफ खोटं आहे, आपण अजून काहीसुद्धा केलेलं नाही!

त्याचं डोकं कसं चालतं बघ. नुसतं खोटं आहे म्हणून खाली बसला असता तरी भागलं असतं. पण त्याचीही बिचाऱ्याची चूक नाही, तो याच ओढ्यावर वाढलाय. आधी मुडदा आणि मग गाणं, हा क्रम त्याच्या अंगात भिनलेला. तो उलटा झाल्यावर त्याला वाटलं, आपल्यावर अन्याय झाला.

दोघांनी त्याचे दंड धरून आणलं होतं. मला जिवंत पाहून सगळे घुटमळले, पण आलोच आहोत तर झाडापर्यंत जाऊन येऊ असं ठरलं. मीही गेले. खड्ड्यावर फळ्या होत्या आणि फळ्यांवर पाला. फळ्या काढल्या. माझ्या उंचीचा होता, ताई. तळाशी आईची गोधडी पसरलेली, ती जुनी, विटकी. चांगली गोधडी त्यानं घरात ठेवली होती, पुढं उपयोगी पडेल म्हणून. बास्कमकाकांनी त्याला शांतपणे विचारलं की बटाट्यांना थंडी वाजते का रे.

झोनामावशी खड्ड्याच्या काठावर बसून हमसून हमसून रडली. मी सांगितलं तेव्हा तिनं ऐकलं नाही, आणि गाण्यात मी मेले तेव्हा ऐकलं, हे तिला त्या वेळी उमगलं असावं. मी तिच्या शेजारी बसले. केक आम्ही सगळ्यांनी तिथेच बसून खाल्ला.

शेरीफ आला. प्रेत कुठे आहे, म्हणाला. मी हात वर केला. एस्टिलला त्यानं सोडून दिलं, पण सोडून जाणार कुठे? पोरं त्याच्या मागं ते कडवं म्हणत गेली. रात्र त्यानं भावाकडे काढली आणि आज पहाटे बँजो घेऊन निघून गेला म्हणतात.

तू मला मारलंस म्हणून मी वाचले. आज मी फिरायला गेले नाही. दिवसभर घरात बसून उरलेल्या शेंगा ओवल्या.

जन्मोजन्म तुझी
ऑर्फा


नॉक्सव्हिल
१ ऑक्टोबर १९३८

चि. ऑर्फास,
आईच्या वाटणीचेही आशीर्वाद.

तुझं पत्र येईपर्यंत मी जेवले नाही. शनिवारी गाताना एकच विचार होता, की उशीर झाला असेल तर? समज, त्यानं रविवारची वाट पाहिलीच नसेल, तर मी तुझं खरंखुरं मरणगीत म्हणत उभी आहे आणि खाली पिठाची जाहिरात. शेवटच्या कडव्याला माझा आवाज फाटला. आईनं शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं, ढसाढसा रडले मी माइकसमोर.

मि. पेनक आधी भडकले. हे गाणं ठरलेलं नव्हतं, ही नावं कोणाची, कंपनीवर दावा होईल, वगैरे. मग पत्रं यायला लागली. पोती भरून. त्या बिचाऱ्या ऑर्फासाठी बायका रडल्या आणि त्यांनी पीठ मागवलं. आता साहेब मला खुर्ची देतात. रेकॉर्ड काढायची म्हणतात, एस्टिलच्या जागी नवरा नव्हे, कोणी परका माणूस आणि त्याचं भलतं नाव घालून, वकिलाच्या सल्ल्यानं. तुझं नाव मात्र राहू दे म्हणाले, मेलेली माणसं दावा लावत नाहीत. मी सांगितलं की ती जिवंत आहे. त्यांनी मला विनंती केली की हे बाहेर बोलू नये.

तुझी परवानगी असेल तरच करते. माझा विचार असा की गाणं वाजत राहील तोवर तो त्या खोऱ्यात पाऊल टाकणार नाही. दर शनिवारी एकदा मरायची तुझी तयारी आहे का? मला तर सवय आहे, पण मी आजवर फक्त मलाच मारत आले होते.

लोभाची बाकी सांगावी असं काही उरलेलं नाही, सगळा तुलाच दिलाय.
वेस्टा


पॉपॉ ओढा
१२ फेब्रुवारी १९३९

ती. वेस्टाताईस,
कैलासवासी बहिणीचा नमस्कार.

माझं मरण फारच जोरात चाललंय. रस्ता बरा असला की परगावची माणसं माझी कबर, म्हणजे तो झाडाखालचा खड्डा, बघायला येतात. झोनामावशी त्यांना डोंगरावर नेते आणि मी कशी गुणी होते ते सांगते. जिवंतपणी तिला माझा एक गुण सापडला नव्हता. मी दिसले की लोकांचा विरस होतो, म्हणून मला घरात बसायला सांगते. परवा एक बाई माझ्या दारात पाणी प्यायला आली आणि माझ्याच आठवणीनं माझ्याच ॲप्रनला डोळे पुसून गेली. मी तिला सांगितलं नाही. एवढ्या लांबून आली होती, कशाला मन मोडा?

पण हे हसण्यासारखं इथवरच आहे. बास्कमकाकांचा पुतण्या ओहायोत, हॅमिल्टनला कागदाच्या गिरणीत आहे. त्यानं कळवलं की एस्टिल तिथंच आहे. क्रेब्स नावाच्या एका विधवेकडे खोली घेऊन राहतो. घर तिच्या मालकीचं आहे. ईस्टरला लग्न करायचं ठरलंय.

मी तिला लगेच पत्र लिहिलं, सगळं सरळ, एकही टोमणा न मारता. मी त्याची बायको, मी जिवंत आहे, त्यानं असा असा खड्डा खणला होता, तुम्ही कशावरही सही करू नका.

तिचं उत्तर काल आलं. फार दयाळू बाई आहे. तिनं लिहिलंय की मि. नेपरनी तिच्यापासून काही लपवलेलं नाही. त्यांची पहिली बायको ऑर्फा हिचा कोणा नराधमानं खून केला, त्याची रेकॉर्डही आहे, तिच्या घरी आहे. ते रोज संध्याकाळी ती लावतात आणि सोबत बँजोवर ते गाणं म्हणतात. इतकं आर्त म्हणतात की शेजारीपाजारी रडतात. त्या गाण्यामुळेच तिचं मन त्यांच्यावर जडलं. आणि माझ्यासारख्या दुखावलेल्या मनाच्या बाईसाठी ती प्रार्थना करणार आहे, कारण स्वतःला मेलेली माणसं समजणं हा आजार औषधानं बरा होतो असं तिनं कुठंसं वाचलंय.

बघ ताई! आधी मी जिवंत होते म्हणून वेडी होते. आता मेले आहे म्हणून वेडी आहे. मधे काही दिवस शहाणी होते, त्याचा तेवढा शिक्का आहे.

काय करू ते सांग.
तुझी
ऑर्फा


नॉक्सव्हिल
१७ फेब्रुवारी १९३९

चि. ऑर्फास,
अनेक आशीर्वाद, त्यातले बरेचसे प्रवासासाठी.

मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, या शनिवारी मला दोन वाक्यं बोलू द्या, की ऑर्फा जिवंत आहे आणि तो माणूस अमुक ठिकाणी आहे. ते हसले. म्हणाले, लोकांनी पैसे मोजून जिच्यासाठी अश्रू ढाळले ती शेंगा ओवत बसलीय हे कळलं तर पीठ परत पाठवतील. मग आवाज चढवून म्हणाले की बोललीस तर नोकरी गेली समज. ऑर्फा, ज्या गाण्यानं तुला वाचवलं, ते आता एस्टिलच्या हातात गेलं, आणि ते त्याच्या हातात मीच दिलं. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे.

पत्रावर ती विश्वास ठेवणार नाही. अक्षराला तोंड नसतं. तू जा. सोबत तिकिटापुरते पैसे पाठवते आहे, आणि माझा जाड कोट. ओहायोत थंडी आहे. बास्कमकाकांना बरोबर ने, ते पंचांचे मुख्य होते, बोलले की माणूस ऐकतो. एकटी त्या घरात शिरू नकोस. हे मी मोठी बहीण म्हणून सांगते आहे, विनंती नव्हे.

वाट बघणारी
वेस्टा


हॅमिल्टन, ओहायो
१ मार्च १९३९

ती. वेस्टाताईस,
ऑर्फाचा सप्रेम नमस्कार. हातीपायी धड आहे, हे आधी.

आम्ही पोचलो तेव्हा घरातून बँजो ऐकू येत होता. तेच गाणं, आणि आत ग्रामोफोनच्या चकतीवर तुझा आवाज. मी पायरीवर उभी राहिले आणि माझ्याच मातीचं कडवं ऐकलं. बास्कमकाकांनी दार वाजवलं. क्रेब्सबाईंनी उघडलं. गोल चेहऱ्याची, पिठानं भरलेल्या हातांची बाई. मी सांगितलं की मी ऑर्फा, जी वारली ती. ती घाबरली नाही. तिनं दयेनं माझा हात धरला, की आली बिचारी वेडी.

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी गायला लागले. आईसारखं, चेहरा न हलवता. तुझ्या चकतीच्या सोबतीनं मी माझं मरण म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की रेकॉर्डवर याहून बरं म्हटलंय. मी म्हटलं, खरं आहे, ती माझी मोठी बहीण आहे, ती आधीपासूनच सरस. पण आत बँजो थांबला होता. एस्टिल दाराशी आला, त्यानं मला बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, ऑर्फा, तू इथं कशाला आलीस?

बस्स. बाईंनी माझा हात सोडला नाही, पण आता वेगळा धरला. तो मागच्या दारानं गेला. बाईंनी आत जाऊन चकती थांबवली. मग त्यांनी सांगितलं की घराच्या कागदांवर त्या येत्या सोमवारी सही करणार होत्या, आणि चुलीवरचं सूप करपलं म्हणून रडायला लागल्या. मी ढवळायला घेतलं. शनिवारपर्यंत राहा म्हणताहेत, एकटं राहायची भीती वाटते. बास्कमकाका पुढच्या खोलीत दाराला खुर्ची लावून बसलेत.

त्यांचा रेडिओ मोठा आहे. नॉक्सव्हिल लागतं, खरखरतं, पण लागतं. शनिवारी दुपारी आम्ही दोघी त्याच्यासमोर बसणार आहोत. कुठंतरी तिसरीकडे तो असेल, आणि तिथं कोणीतरी बाई असेल, तिच्याही घरी रेडिओ असेल. साहेब रागावतील, पीठ विकलं जाणार नाही, तुझी नोकरी जाईल हे मला कळतं, आणि तरी मागतेय. इथल्या कोणाला ऐकू येवो न येवो, मी जिवंत आहे हे मला तुझ्या आवाजात ऐकायचंय.

या शनिवारी मला मारू नकोस.

तुझी
ऑर्फा